एकास सत्त्याऐंशी

त्या शनिवारी अक्मारल बाजारात गेली ती तीन वस्तू आणायला. चहाची बारीक गाळणी, सगळ्यात स्वस्तातला हेअरस्प्रे आणि उकळून फेकलेली चहाची पत्ती. पहिल्या दोन लगेच मिळाल्या. तिसरी मागितल्यावर चहावाली बाई तिच्याकडे अशी बघायला लागली की विचारू नका.

"उकळलेली पत्ती? आणि तीही बिनदुधाच्या चहाची? अगं, आपल्यात कोण पितं बिनदुधाचा! घरी कुणी आजारी आहे का?"

"दूध लागलं की बुरशी येते आपा. मला जमीन करायचीये तिची."

"जमीन!"

"खाणीची. आपल्या नऊ नंबरची. छोटी, टेबलावर मावेल एवढी. म्युझियमसाठी."

"हां, म्हणजे तू काबिदेनची पोरगी!" बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. "कसा आहे गं तो?"

"बरे आहेत," अक्मारल म्हणाली.

बरे कसले. एप्रिलमध्येच डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडे धरून सांगितलं होतं, की पुढचा बर्फ बघतील, त्याच्या पुढचं माहीत नाही. फोटोत दोन्ही फुप्फुसं अशी दिसत होती, जशी कुणी सिमेंटची पोती आत रिकामी केलीयेत. सव्वीस वर्षं कोळसा खणला की होतं असं. ह्या वस्तीत घरटी एक तरी असा फोटो निघतो.

अक्मारल कारागंडा शहरात एका ऑफिसात मॉडेल्स बनवायची. न बांधलेल्या इमारतींची. हिरवीगार झाडं, पांढऱ्या गाड्या, बाकांवर हसरी माणसं. एकूण एक खोटं. मग वस्तीतल्या म्युझियमच्या रौशानबाईंचा फोन आला, की ऑगस्टमध्ये खाणकामगारांचा दिवस आहे, त्या दिवशी नऊ नंबरच्या खाणीचं मॉडेल उघडायचंय, करशील का. तिनं ऐकताक्षणी हो म्हटलं. काम हे निमित्त होतं. तिला वडिलांजवळ राहायचं होतं, आणि नुसतं पलंगाशी बसून राहणं तिला जमणारं नव्हतं.

गंमत अशी की खाणच उरली नव्हती. पाडून, झाकून, वर सिमेंटचं झाकण. आता तिथं कडवट वासाची झुडपं वाढलीयेत, आपल्या दवण्यासारख्या वासाची. नकाशे कुठं गेले कुणाला ठाऊक नाही. फोटो निघाले चार, त्यातल्या दोनांत कुणाचं तरी लग्न. बाकी अख्खी खाण एकाच ठिकाणी शाबूत होती, काबिदेनच्या डोक्यात.

घर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. मोठ्या खोलीत जेवणाच्या टेबलावर प्लायवूडची फळी, खिडकीशी अकेंचा, म्हणजे वडिलांचा पलंग, आणि पलंगाला टेकून ऑक्सिजनचं मशीन. घुंई... फस्स... घुंई... फस्स... दिवसभर. असं मशीन घरात असलं की ते चालू असताना डोकं उठतं, आणि लाइट गेली की जीव जातो.

आकार ठरला एकास सत्त्याऐंशी. म्हणजे माणूस दोन सेंटिमीटरचा.

"हिवाळा कर," अके पहिल्याच दिवशी म्हणाले. "उन्हाळ्यात खाण खाणीसारखी दिसत नाही. आणि बर्फ पांढरा करू नकोस, हसतील लोक. वरून काळा, पाय पडला की पांढरा. तसा."

"पहिलं काय बांधू?"

"न्हाणीघर. माणूस वर आला की आधी तिकडं पळायचा." ते थांबले, मशीनमधून दोन श्वास ओढले. "तिसऱ्या खिडकीला काच नव्हती. पत्रा होता. माशाच्या डब्याचा. मीच ठोकला होता."

"डब्यावर मासा होता का?"

"होता. उलटा. पोट वर."

"मुद्दाम उलटा ठोकला?"

"शिफ्ट करून आलेला माणूस मासा सुलट आहे का बघतो होय गं?"

तर तिनं तो मासा काढला. दीड मिलिमीटरचा, पोट वर. भिंगाखाली, सगळ्यात बारीक ब्रशनं. अके उशीवरून मान उचलून हसले, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला दहा मिनिटं थांबेना. रुमालावर काळं आलं. नेहमीचंच.

"बास आता," ती म्हणाली. "एकच खिडकी राहिली. शेवटची."

"कडेची!" अके खोकत खोकत ओरडले. "कडेची म्हण! शंभरदा सांगितलंय."

खाणीत 'शेवटचं' काही नसतंच. लिफ्टचा कडेचा पाळणा, कडेचा माणूस, कडेची शिफ्ट. शेवटचं म्हणणारा माणूस ते खरं करून बसतो, असं सगळे मानतात. ह्या घरात तर केकचाही कडेचा तुकडा असायचा. अक्मारलनं एकदा शाळेच्या पेपरात वर्णमालेचं 'कडेचं अक्षर' असं लिहिलं होतं. बाईंनी एक मार्क कापला. अके तडक शाळेत जाऊन बाईंशी भांडून आले होते.

"बरं. कडेची," ती म्हणाली.

ती रात्री आडवी झाली तेव्हा न्हाणीघर स्वच्छ पांढरं होतं. त्याला मळवायचं, गंज चढवायचा, हे दोन दिवसांचं काम. सकाळी चहाचा पेला घेऊन ती टेबलाशी आली आणि बघतच राहिली.

न्हाणीघर मळलेलं होतं.

आणि मळलेलं म्हणजे कसं, तर बरोबर. पन्हाळीखाली काळा ओघळ. दाराच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या उंचीवर, हजारो माणसं घासून गेल्यासारखा गुळगुळीत पट्टा. खिडक्यांच्या कोपऱ्यांत भुकटी, त्या पत्र्याच्या माशावर मात्र नाही, कारण गुळगुळीत पत्र्यावर ती टिकतच नाही. तिनं बोट फिरवून वास घेतला. ओल्या कोळशाचा वास, थोडा लोखंडाचा. आणि त्याच्याखाली आणखी एक, रोज तिनं बादलीत भिजवलेल्या रुमालांचा.

झोपेत केलं की काय मी, तिला वाटलं. तीन दिवसांत धड आठ तास झोप नव्हती. पाठ मोडून आलेली, बोटांना गोंद, डोळ्यांत वाळू. एवढं दमलं की माणूस विचारत नाही. दोन दिवसांचं काम वाचलं, एवढंच तिच्या मनात आलं.

"मारल," अके पलंगावरून म्हणाले. "मी झोपलो गं रात्रभर. एकदासुद्धा उठलो नाही."

दुसरं केलं दिवाघर, जिथून खाणकामगार टोपीचा दिवा घ्यायचे. अके सांगत होते, ती कापत होती. खिडकीच्या खालची फळी मधे झिजलेली, चमच्यासारखी. भिंतीवर कुणीतरी खिळ्यानं कोरलेली बोकडाची दाढी, ती दिवे देणाऱ्या बाईची, असं सगळे म्हणायचे. सकाळी दिवाघरही मळलेलं. अकेंचा खोकला आणखी कमी.

"न्हाणीघराचं दार आत उघडायचं की बाहेर?" तिनं गोंद लावता लावता विचारलं.

"कसलं न्हाणीघर?"

"अके. हे."

अकेंनी टेबलाकडे पाहिलं. खूप वेळ. "छान आहे," ते म्हणाले. "कुणाचं घर?"

तिला वाटलं, झोप नीट उडाली नसेल. वय. औषधं. माणसाला हवं ते पटवून घेता येतं.

मग एर्ना मावशी आली. ही शेजारच्या जिन्यातली, तीस वर्षं खाणीच्या दवाखान्यात नर्स. मूळची जर्मन. तिचं सगळं गोत जर्मनीला निघून गेलं, ही एकटी मागे राहिली. म्हणते, तिथं खिडकी धुवायलाही वार ठरलेला असतो, कोण जाणार. दर बुधवारी ती जुनी नळी घेऊन अकेंची छाती ऐकायची. त्या बुधवारी तिनं एकदा ऐकलं, नळी झग्याला पुसली, पुन्हा ऐकलं.

"काय पाजतेस ह्याला?"

"काही नाही. का?"

"डावीकडचं खालचं सगळं मोकळं झालंय." एर्ना मावशीनं आवाज खाली आणला. "हे होत नसतं गं. दगड झालेला असतो आत. दगड विरघळत नसतो."

अक्मारलचं लक्ष टेबलाकडे गेलं. दिवाघराच्या छपरावर भुकटीचा थर होता, ताजा, मखमलीसारखा. तिनं काहीच लावलं नव्हतं.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून तिनं एक चाचणी केली. अकेंनी सांगितलं होतं, खाणीच्या ऑफिसचं दार उजवीकडे, पायऱ्या तीन. तिनं मुद्दाम दार डावीकडे बसवलं, पायऱ्या चार केल्या. सकाळी ऑफिस कोरं होतं. कागदाइतकं कोरं. आणि त्या रात्री अके असे खोकले की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले. पहाटे तिनं ते दार उपटलं, उजवीकडे बसवलं, एक पायरी कापली. नऊ वाजेपर्यंत भिंत काळवंडली होती. अके गाढ झोपले होते. मशीनपेक्षा त्यांचाच श्वास मोठा ऐकू येत होता.

ह्या मॉडेलला खोटं चालत नव्हतं. आठ वर्षं खोट्या इमारती करून पोट भरणाऱ्या पोरीच्या नशिबी हे यावं!

ती दुपारी बाहेरच्या बाकावर एर्ना मावशीशेजारी जाऊन बसली. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. तिनं सगळं सांगितलं. एका दमात, गोंधळून, मागचं पुढं करून. एर्ना मावशी सूर्यफुलाच्या बिया सोलत ऐकत होती.

"म्हणजे तू एकेक बांधतेस, आणि ते ह्याच्या छातीतून जातं."

"आणि डोक्यातून."

"हं."

"मावशी, त्यांना न्हाणीघर आठवत नाही. दिवाघर नाही. काल मी विचारलं, तुम्ही काम काय करायचात? तर म्हणाले... बहुतेक गवंडी असेन."

एर्ना मावशीनं टरफलं मुठीत गोळा केली. "मला ह्यातलं काही कळत नाही. पण शेकड्यांनी माणसं गुदमरताना पाहिलीत मी. त्यातल्या एकानंही मरताना म्हटलं नाही, की मला दिवाघर आठवतंय, बरं झालं. हवा मागतात गं सगळे."

"मग करू?"

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. आणि टरफलं बाकाखाली टाकून म्हणाली, "मी केलं असतं."

तर तिनं केलं. दुसरं काय करणार होती. लिफ्टचा उंच मनोरा केला, त्याच्या दोन चाकांसकट, त्यातलं एक किंचित वाकडं. रूळ केले. खडीची टेकडी केली, चहाच्या पत्तीची आणि चाळलेल्या राखेची, वर हेअरस्प्रे मारून. सकाळी टेकडीतून धूर येत असल्यासारखा वास यायचा. मग माणसांची पाळी आली. बोगद्यातला उंदीर जगवायला रोज अर्धा पाव देणारा मिकोला. पाय ओढत चालणारा रेनात, ज्याला सगळे 'घोडनवरा' म्हणायचे कारण त्यानं चार लग्नं केली. अके एकेकाचं वर्णन करायचे, हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस संपलेला असायचा. भिंतीवरच्या फोटोत सहा जण खांद्यावर हात टाकून उभे होते. ती बोट ठेवून विचारायची, हा कोण? आणि अके चष्मा लावून, अगदी मन लावून बघायचे, जसं माणूस दुसऱ्याच्या घरचे फोटो बघतो.

ऑगस्ट लागला तेव्हा मशीन बंद होतं. सलग चार दिवस. अके दोन जिने चढून वरच्यांकडे बुद्धिबळ खेळायला जायला लागले. गालांवर रंग आला. रौशानबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "काबिदेनआगा, तुम्ही तर नवरदेव झालात!" अके लाजले. खरंच लाजले.

अक्मारल मात्र काडी झाली होती. जेवताना तिची मान पडायची. आरशात तिला स्वतःच्या डोळ्यांखाली मॉडेलमधलीच काळी भुकटी दिसायची, आणि ती पुसून पाहायची.

एक दिवस कुंपण लावून झालं. तिच्या तोंडून निघून गेलं, "चला, शेवटचा खांब."

ती दचकून थांबली. अके टेबलाशीच बसले होते, सफरचंद सोलत. साल तुटू न देता.

"हो ना," ते शांतपणे म्हणाले. "शेवटचा. मग शेवटचं काय उरलं?"

त्यांनी तो शब्द दोनदा म्हटला. सहज. मीठ दे म्हणावं तसा. खाण गेली, मित्र गेले, ते तिनं सोसलं होतं. पण ही भीती तर हाडातली होती, त्या माणसाचा कणाच होता ती. आता समोर गोरेपान, निरोगी, कुणीतरी बसलं होतं, अकेंच्या स्वेटरमध्ये.

"काही नाही उरलं," ती म्हणाली. "झालं काम."

"नाही," अके म्हणाले. "फाटकापाशी पोरगी नाहीये."

"कुठली पोरगी?"

"कुठली म्हणजे? तू." ते हसले. "मी कुठूनतरी बाहेर यायचो... कुठून ते आठवत नाही. अंधारातून. आणि तू उभी असायचीस. लाल हातमोजा. एकच. दुसरा तू हरवलास आणि आईला सांगितलंस, कुत्र्यानं नेला. तो हात बाहीत ओढून घ्यायचीस. शिफ्ट सुटायची चारला आणि तू तीनपासून..."

"अके, जागा नाही तिथं."

"जागा नाही? केवढीशी तर होतीस!"

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

त्या बुधवारी एर्ना मावशीनं बराच वेळ छाती ऐकली. मग अक्मारलला दाराबाहेर ओढलं. "सगळं मोकळं आहे. एवढंसं राहिलंय." तिनं करंगळीचं नख दाखवलं. "पण ते सरकतंय. श्वासाच्या मोठ्या नळीच्या तोंडाशी आलंय. बूच बसेल ना गं... बाटलीसारखं."

"किती दिवस?"

एर्ना मावशीनं हातातली नळी पिशवीत टाकली.

शुक्रवारपासून मशीन पुन्हा सुरू झालं. घुंई... फस्स... अके आता खोकतही नव्हते, नुसते मान ताणून हवा शोधायचे. ओठ निळे. डोळे मात्र तिच्यावर. पाणी पाजलं की हळूच म्हणायचे, "मारल... मारल..." आणि तिच्या हातावर थोपटायचे. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. एक नाव, आणि एक हातमोजा.

तिनं लबाडी करून पाहिली. एक खोटी पोरगी केली, निळ्या कोटातली, दोन्ही हातमोज्यांची. फाटकापाशी चिकटवली. सकाळी ती पोरगी दुकानातल्या बाहुलीसारखी लखलखीत, आणि अकेंची नखंही निळी.

शनिवारी ती पुन्हा टेबलाशी बसली. पडदे सरकवले होते तरी ऊन आत येत होतं, खोलीत गोंदाचा आणि औषधाचा वास. आठ वर्षांची मुलगी म्हणजे एकास सत्त्याऐंशीला जेमतेम चौदा मिलिमीटर. भाताचे दोन दाणे उभे ठेवावेत तेवढी. तारेचा सांगाडा, वर मेणासारखी माती. आईच्या ओढणीची टोपी. तपकिरी कोट, खालचं बटण नसलेला. उजव्या हाताला लाल रंगाचा एक ठिपका. डावा हात बाहीत. ह्या आकाराला चेहरा नसतो, कुणाला दिसणार? तिनं तरी काढला. आणि काढता काढता तिला ती थंडी आठवली, पायाच्या अंगठ्यातून वर चढणारी, आणि फाटकाचं कुरकुरणं, आणि काळ्या चेहऱ्यांच्या घोळक्यातून नेमका एकच चेहरा आपल्याकडे वळायचा तो क्षण.

"अके," ती पलंगाशी गेली. तळहातावर पोरगी होती. "ही लावू?"

अकेंनी डोळे बारीक केले. कष्टानं हसले. "लाव ना. किती दिवस उभी आहे... डोक्यात माझ्या. गारठली असेल."

"अके, माझं नाव काय?"

"मारल."

"पूर्ण."

"अक्मारल. वेडी... आहेस का?"

तिनं टाचणीच्या टोकावर गोंद घेतला.

नंतर ती त्यांचा हात धरून बसली. दर थोड्या वेळानं विचारायची, माझं नाव काय? आणि ते सांगायचे, आधी हसून, मग वैतागून, मग झोपेत. बाहेर आठ वाजले तरी ऊन होतं. पोरं खेळत होती. कधीतरी तिची मान पडली. महिन्याभराची झोप होती ती, कुणाच्या बापाचं ऐकणार.

जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. पलंग नीट आवरलेला. मशीनची वायर गुंडाळून ठेवलेली. अके चुलीशी उभे, ताठ, ओल्या केसांचा भांग पाडून.

"उठलात?" ते म्हणाले. अदबीनं, परक्या बाईशी बोलावं तसं. "तुम्ही दवाखान्यातून आलात का? बसल्या बसल्याच झोप लागली हो तुम्हाला. मी उठवलं नाही. चहा घ्या. दूध चालतं ना?"

"चालतं," ती म्हणाली.

फाटकापाशी पोरीच्या खांद्यांवर भुकटी बसली होती. टोपीवर, बाहीवर. लाल ठिपका तेवढा स्वच्छ होता.

खाणकामगारांचा दिवस उजाडला. म्युझियमच्या हॉलमध्ये बायका, म्हातारे, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांच्या, म्हणजे बावरसाकांच्या पराती, भाषणं. उकाड्यानं सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. मॉडेलवर काचेची पेटी बसवली होती, चारी बाजूंनी सीलबंद, धूळ जाऊ नये म्हणून. लोक वाकून बघायचे आणि ओरडायचे, "अरे, तो मासा बघ, मासा!" बायका रडल्या. रेनातच्या चौथ्या बायकोनं काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथंपण पाय ओढतोय मेला."

अकेंना पदकं लावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. रौशानबाईंनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, छाती भरून श्वास घेतला, सगळ्यांकडे बघून गोड हसले आणि म्हणाले, "फार छान झालंय. ज्यांनी केलं त्यांचे आभार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनयशील माणूस, असं कुणीतरी म्हणालं.

मग ते पेटीपाशी आले. अक्मारल तिथंच उभी होती. त्यांनी वाकून पाहिलं, कपाळाला आठी पडली.

"बाई, ही पोरगी कुणाची आहे?"

"कुठली?"

"ही. फाटकापाशी. कुडकुडतेय हो. कुणी आत का घेत नाही तिला?"

अक्मारलनं ओठ ओले केले. "तिचे वडील यायचेत अजून."

"मग येतील," अके म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. तिला मान लववून ते बावरसाकांच्या परातीकडे गेले, सरळ, हलक्या पावलांनी, एकदाही न खोकता.

ती तिथंच उभी राहिली. इतकी दमली होती की रडूही येत नव्हतं.

"हा डाग कसला गं?" रौशानबाई शेजारी येऊन म्हणाल्या. त्यांनी रुमालानं काच पुसली, मग तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली. "जात नाहीये. आतून आहे बहुतेक."

फाटकापाशीच्या पोरीच्या नेमकं वर, काचेच्या आतल्या बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढा धूसर ठिपका होता. अक्मारल बघत असतानाच तो विरला. मग पुन्हा आला. पुन्हा विरला.

तिनं स्वतःचा श्वास रोखून धरला. डोळ्यांपुढं अंधारी येईपर्यंत धरला.

ठिपका येत राहिला.